बापूंचा लाल पट्टा

सोलापुरात वेबसाइट बनवून पोट भरतं का, असं मला अजूनही लोक विचारतात. माझ्या सख्ख्या मावशीला तर मी कॉम्प्युटर दुरुस्त करते असंच वाटतं, आणि दर दिवाळीला ती आपला बंद पडलेला प्रिंटर माझ्यापुढे आणून ठेवते. भरतं हो पोट. सात रस्त्याजवळ दोन खोल्यांचं माझं ऑफिस आहे, चार माणसं कामाला आहेत, आणि आम्ही बनवलेल्या प्रत्येक साइटच्या आत, बाहेरच्या माणसाला कधीच दिसणार नाही अशा जागी, एक लाल पट्टा आहे. नवीन लागलेलं कुणी ना कुणी विचारतंच, मॅडम, हा पट्टा कशाला? मग मी हातातलं काम बाजूला ठेवते आणि त्यांना बिराप्पा गडदे यांची, म्हणजे आमच्या बापूंची, गोष्ट सांगते. एरवी मी कुणाचं कौतुक करणारी बाई नाही. बापूंचं करते, आणि छाती काढून करते.

बापू एका शिक्षण संस्थेत लिपिक होते. संस्थेच्या जिल्ह्यात अठरा शाळा. एक बार्शीला, एक अकलूजला, एक उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी केळीच्या बागांत, बाकीच्या अशाच कुठे कुठे. मुख्य कचेरी सोलापुरात, आणि त्या कचेरीत आवक-जावक रजिस्टरवर बापूंची हयात गेलेली. संस्थेनं आमच्याकडून साइट करून घेतली, पण ती सांभाळायची कुणी, यावर सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कॉम्प्युटरचे सर नोकरी सोडून गेले होते. हेडक्लार्कनं पाठीचं दुखणं पुढे केलं. शेवटी सचिवसाहेब म्हणाले, गडदे, तुम्ही बघा. अशी ही ओसाड गावची पाटीलकी बापूंच्या गळ्यात पडली. निवृत्तीला चार वर्षं राहिली होती.

मी शिकवायला गेले तेव्हा समोर पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट घातलेला, कपाळाला भंडाऱ्याचं बोट लावलेला माणूस बसला होता. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. माउसखाली त्यांनी घडी घातलेला रुमाल ठेवला होता, का तर यंत्र सरकतं. टायपिंग एका बोटानं. मी मनात म्हटलं, झालं, आता यांना कुठून सुरुवात करू? एक तास धरून गेले होते, चार तास लागणार असं दिसत होतं, आणि बाहेर आपला सोलापूरचा एप्रिल.

मी माझं नेहमीचं पुराण लावलं. टेम्प्लेट म्हणजे पानाची चौकट. वर शाळेचं नाव, मधे मजकूर, बाजूला सूचना, खाली पत्ता. ही चौकट आम्ही करून दिलेली आहे, तिला हात लावायचा नाही. चौकटीत ज्या जागा ठेवल्या आहेत, त्या प्रत्येक जागेत एकेक ब्लॉक बसतो. कशात मजकूर, कशात फोटो, कशात तक्ता. तुम्ही फक्त ब्लॉकमधलं बदलायचं. बापूंनी रेघांची वही काढली, त्यात एक चौकोन काढला, आत चार खण पाडले, आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

"म्हंजे ही वाघर झाली की," ते म्हणाले.

मला वाघर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. शहरात वाढलेली मी. मग त्यांनी मला शिकवलं. त्यांचं घराणं सांगोल्याकडचं, मेंढरामागचं. वडील कळप घेऊन गावोगाव फिरायचे. संध्याकाळी ज्याच्या रानात मुक्काम, तिथे खुंट्या ठोकायच्या आणि भोवतीनं जाळी ताणायची, ती वाघर. गाव रोज वेगळं, रान वेगळं, वाघर तीच. आत कोकरांची जागा ठरलेली, दुभत्या मेंढ्यांची ठरलेली, लंगडं जनावर कुठे बांधायचं तेही ठरलेलं. जागा हलत नाहीत, त्यातली जित्राबं तेवढी बदलतात. एवढं सांगून त्यांनी पेनानं त्या चौकोनातल्या एका खणावर टिचकी मारली आणि विचारलं, "ताई, ह्या पानावरचा ह्यो ब्लॉक बदलला, तर आजून कुटं कुटं बदलंल?"

मी खुर्चीत सरळ बसले. इतकी वर्षं मी लोकांना हे शिकवत आले, इंजिनियर झालेल्या पोरांनाही शिकवलं, पण पहिल्याच दिवशी हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. कारण खरी मेख तिथेच आहे. काही ब्लॉक त्या एका पानाचे असतात. काही मात्र सामाईक असतात. ते एकाच ठिकाणी लिहायचे, आणि साइटवर जिथे जिथे बसवले असतील तिथे सगळीकडे तेच दिसतात. संस्थेचा फोन नंबर बदलला तर अठरा पानांवर अठरा वेळा बदलायला नको, म्हणून ही सोय. लिहिण्याच्या खिडकीत मात्र दोन्ही ब्लॉक दिसायला अगदी सारखे. मी सांगितलं ते बापूंनी वहीत उतरवलं आणि सामाईक ब्लॉकखाली दोन रेघा ओढल्या.

त्या दिवसानंतर मी शिकवायला गेले नाही. कधी गेलेच तर कडक भाकरी आणि शेंगाचटणी खायला गेले. बापूंचा डबा दोघांचा असायचा. नुसतं नको म्हटलेलं त्यांना चालायचं नाही.

त्यांची स्वतःची एक भाषा होती. मुख्याध्यापक मजकूर पाठवायचे तो व्हॉट्सॲपवरून, कुठून कुठून चिकटवलेला, रंगीबेरंगी, अक्षर एका ओळीत लहान आणि दुसरीत मोठं. तसाच ब्लॉकमध्ये टाकला की पानाचा अवतार व्हायचा. बापू तो आधी नोटपॅडमध्ये टाकायचे, म्हणजे सगळे रंग-आकार निघून नुसती अक्षरं उरायची, आणि मग उचलून ब्लॉकमध्ये ठेवायचे. याला ते 'धुऊन घेणं' म्हणायचे. फोनवर आवाज यायचा, सर, लई मळलंय तुमचं, धुऊन घेतो आन् टाकतो. कुठलाच ब्लॉक ते कायमचा काढायचे नाहीत. जुनी सूचना असो की गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाचे फोटो, ते 'झाकून ठेवायचे'. पुढच्या वर्षी उघडायचं, तारीख बदलायची, काम झालं. आमच्या डिझायनरनं हौसेनं मुख्य पानावर फिरती चित्रं बसवली होती. बापूंनी दोन दिवस ती बघितली आणि मला फोन केला की नजर बसायच्या आत चित्र पुढं जातंय, जरा थांबवा की त्याला. डिझायनर आठवडाभर फुगून बसला होता. मी चित्रं थांबवली.

आणि त्यांची फेरी. संध्याकाळी पाच वाजता कचेरीतली माणसं डबे आवरायला लागत, तेव्हा बापू अठराच्या अठरा शाळांची पानं एकेक करून उघडत. वरपासून खालपर्यंत बघत. वहीत अठरा टिंबं देत. अंगात ताप असला तरी फेरी चुकायची नाही. मी एकदा चेष्टा केली, बापू, पळून जातायत का पानं? ते हसले. त्यांचे वडील दिवस मावळताना कळप मोजायचे, आकडा जुळला तरच जेवायला बसायचे, असं म्हणाले.

त्यांचं एक खूळ मात्र संस्थेत कुणालाच पटत नव्हतं. बापूंना प्रत्येक शाळेनं आपलं पान आपल्या हातानं भरायला हवं होतं. सगळे म्हणत, शाळांनी मजकूर पाठवावा, सोलापुरातून तुम्ही टाका. बापू म्हणत, मी हितं बसून फुगवट्याकाठच्या शाळेचं काय लिवणार? तितलं तितल्या माणसालाच ठावं. हे खूळ त्यांना कुठून लागलं, ते मला फार उशिरा कळलं. लहानपणी दोन वर्षं ते वडिलांबरोबर फिरतीवर होते. ज्या गावात मुक्काम, तिथल्या शाळेच्या ओट्यावर बसायचे. पण हजेरीपटावर त्यांचं नाव कधीच नसायचं, लिहिणं दुसऱ्याच्या हातात असायचं आणि ते राहूनच जायचं. हे सांगताना ते भाकरीचा तुकडा मोडत होते.

तर बापूंनी अठरा मुख्याध्यापकांना सोलापुरात बोलावून शिकवलं. खडूनं फळ्यावर वाघर काढून शिकवलं. प्रत्येकाला त्याच्या पानाची किल्ली दिली, म्हणजे नाव आणि पासवर्ड. वर्षभर दृष्ट लागावी असं चाललं. आणि मग बार्शीच्या शाळेची पाण्याची मोटर जळाली.

बार्शीचे सर साधे, धांदरट, मनाचे चांगले. दुपारी त्यांनी आपलं पान उघडलं, सूचनांची जागा दिसली, तिथे लिहिलं, 'पाण्याची मोटर जळाल्याने उद्या शाळेस सुट्टी राहील.' आणि जतन करून घरी गेले. शाळेचं नाव घालायचं त्यांना कशाला सुचेल, पान त्यांचंच होतं ना! पण तो सूचनांचा ब्लॉक सामाईक होता. त्या घटकेला जिल्ह्यातल्या अठरा शाळांच्या पानांवर उद्या सुट्टी झाली. आणि दुसऱ्या दिवशी फुगवट्याकाठच्या शाळेत दहावीची विज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षा होती, बाहेरून परीक्षक येणार होते.

पाचच्या फेरीत पहिल्याच पानावर बापूंना ते दिसलं. दुसऱ्या पानावर दिसलं. तिसरं त्यांनी उघडलंच नाही, मला फोन लावला. मी घाबरून म्हटलं, ताबडतोब काढून टाका. ते म्हणाले, काढून भागणार नाही, पालकांच्या फोनवर त्या सूचनेचे फोटो फिरायला लागलेत, आता नुसतं कोरं पान दिसलं तर कोण काय समजेल? ज्या ब्लॉकनं घोळ घातला, त्याच ब्लॉकमध्ये त्यांनी एका बोटानं लिहिलं की सुट्टी फक्त बार्शीच्या शाळेला आहे, बाकी सतरा शाळा उद्या वेळेवर भरतील. अठरा ठिकाणी एकदम ते दिसलं. मग रजिस्टर उघडून ते एकेका शाळेला फोन करत बसले. फुगवट्याकाठच्या शाळेत शिंदे मॅडम होत्या. त्यांनी मुलं येतात त्या तिन्ही गावांच्या ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा करवला. सकाळी तीन मुलं तरीही आली नाहीत, तर मॅडम स्वतः स्कूटी घेऊन केळीच्या बागांतून फिरल्या आणि परीक्षकांचा चहा संपायच्या आत तिघांना आणून उभं केलं. परीक्षा झाली. पण अकलूजला निम्मी शाळा रिकामी राहिली आणि पालकांची तक्रार थेट सचिवसाहेबांकडे गेली.

साहेबांनी बापूंना बोलावलं, मलाही बोलावलं. साहेब तसे रागीट नव्हते, त्यामुळे ते शांतपणे बोलायला लागले की जास्त भीती वाटायची. कुणी केलं, असं त्यांनी विचारलं. बापूंना बार्शीच्या सरांचं नाव घेता आलं असतं. सुट्टी बार्शीचीच होती, साहेबांनाही अंदाज होताच. बापू म्हणाले, शिकवलं मी, सामाईक ब्लॉक वळखायचा कसा ते सांगायचं राहिलं, चूक माझी. साहेबांनी ते ऐकलं न ऐकलंसं केलं आणि माझ्याकडे वळले. सगळ्या शाळांच्या किल्ल्या काढून घेता येतात का? मी म्हटलं, येतात, दोन मिनिटांत होईल. हे मी पटकन बोलून गेले याची मला आजही लाज वाटते. साहेब म्हणाले, मग काढून घ्या, पुण्याच्या एका कंपनीशी बोलणं झालंय, सगळं तेच बघतील, आणि गडदे, तुम्ही आपलं रजिस्टर सांभाळा.

बापू उभेच होते. माझ्या देखत त्यांनी आयुष्यात साहेबांना पहिल्यांदा उलट उत्तर दिलं.

"साहेब, दोन कळप मिसळले म्हणून कुणी मेंढरं इकून टाकत न्हाय. त्यांच्या पाठीवर वळखीला रंगाचा पट्टा वडत्यात. मला रजिस्टरवर बसवा, माझं कायबी म्हणणं न्हाय. पर शाळांच्या हातातलं काडून घीऊ नका. चुकलं म्हणून हात बांधला, तर पोरगं लिवायला शिकल कवा?"

मग ते माझ्याकडे वळून अगदी साध्या आवाजात म्हणाले, ताई, तुमच्या त्या खिडकीत रंग वडता येतो का? जो ब्लॉक सगळ्यांचा हाय, त्याच्यावर लाल पट्टा, आणि ज्याचा त्याचा हाय तो तसाच.

येत होता की! अर्ध्या तासाचं काम होतं. इतकी वर्षं या धंद्यात घालवून, ढीगभर साइट बनवून, एवढी साधी अक्कल मला सुचली नव्हती. चूक बापूंची नव्हती आणि बार्शीच्या सरांचीही नव्हती. दोन वेगळ्या गोष्टी मी हुबेहूब सारख्या दिसतील अशा करून ठेवल्या होत्या, म्हणजे चूक माझीच होती. तिथल्या तिथे मी साहेबांना तसं सांगितलं. माझ्या तोंडून अशी कबुली दुर्मीळ असते, माझ्या नवऱ्याला विचारा. साहेब म्हणाले, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघू, पुन्हा असं झालं तर मात्र पुण्याला देऊ.

त्याच संध्याकाळी मी पट्टा ओढला. वर बापूंच्या सांगण्यावरून एक प्रश्नही घातला. सामाईक ब्लॉक बदलून जतन करायला गेलं की आधी विचारायचं, 'हे अठरा शाळांवर दिसणार. नक्की?' शब्द बापूंचे. तोवर बार्शीचे सर एसटी पकडून सोलापुरात येऊन थडकले होते. त्यांनी साहेबांच्या खोलीत जाऊन आपलं नाव स्वतःच सांगितलं, आणि बाहेर येऊन बापूंसमोर मान खाली घालून उभे राहिले. बापूंनी त्यांना खुर्ची दिली, डबा उघडला आणि पट्टा दाखवला.

दिवाळी आली आणि गेली. पुढची दिवाळीही गेली. पुण्याच्या कंपनीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. फुगवट्याकाठच्या शाळेच्या पानावर मुलींनी काढलेले पाणपक्ष्यांचे फोटो झळकायला लागले. सांगोल्याच्या शाळेनं बाहेरगावी गेलेल्या मेंढपाळांच्या मुलांसाठी वेगळा ब्लॉक केला, कुठल्या आठवड्यात कुठला धडा झाला ते त्यात लिहिलेलं असायचं. तो कुणाच्या सांगण्यावरून झाला हे मी बापूंना विचारलं. त्यांनी शेंगाचटणी पुढे सरकवली.

मग त्यांचा निवृत्तीचा दिवस आला. आदल्या आठवड्यात साहेबांनीच मला फोन केला, गडद्यांच्या निरोपाचा एक चांगला मजकूर सामाईक ब्लॉकमध्ये टाका, एकदा लिहिलं की अठराही ठिकाणी दिसेल. मी लिहायला बसलेही होते. पण बार्शीच्या सरांना हे कळलं आणि त्यांचा फोन आला. मॅडम, तुम्ही काही टाकू नका, एवढंच ते म्हणाले.

कार्यक्रम कचेरीच्या सभागृहात होता. शाल, नारळ, फेटा, भाषणं. सोलापुरात भाषणं सुरू झाली की संपत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. पाचला पाच मिनिटं कमी असताना बापू व्यासपीठावरून उठले. साहेबांच्या कानात काहीतरी बोलले आणि फेटा तसाच डोक्यावर ठेवून आपल्या टेबलाकडे गेले. फेरीची वेळ झाली होती. मी मागोमाग गेले.

पहिलं पान उघडलं, बार्शीचं. सरांनी बापूंचा फोटो लावला होता आणि खाली लिहिलं होतं की माझ्यामुळे अठरा शाळांना सुट्टी झाली, तेव्हा या माणसाने माझे नाव सांगितले नाही. दुसऱ्या पानावर शिंदे मॅडमच्या मुलींनी निळ्या पाण्याचं चित्र काढून टाकलं होतं, त्यावर फक्त 'बापू, एकदा या' असं लिहिलेलं. अकलूजच्या सरांनी फोटो मोबाइलवरून चढवला होता, तो आडवा झाला होता. बापू त्यात उशीला टेकल्यासारखे पहुडले होते. मला हसू आवरेना. मी माउसकडे हात नेला, म्हटलं, थांबा, सरळ करते.

"ऱ्हाऊ द्या, ताई. त्यांचं त्यांनी लावलंय."

सांगोल्याच्या पानावर हजेरीपटासारखा तक्ता होता. पहिल्या ओळीत क्रमांक एक, आणि नाव, गडदे बिराप्पा. समोर हजर. बापू तिथे बराच वेळ थांबले. त्यांनी चष्मा काढला, माउसखालचा रुमाल उचलला, डोळे पुसले आणि रुमाल पुन्हा घडी घालून होता तिथे ठेवला.

अठरा पानं बघून झाली. अठरा वेगळे मजकूर, अठरा वेगळे हात. वहीत अठरा टिंबं पडली. मग त्यांनी लिहिण्याची खिडकी उघडून लाल पट्ट्याचा ब्लॉक बघितला. त्यात शाळा भरण्याच्या वेळांची जुनीच सूचना होती.

"बघा की," ते म्हणाले, "लाल पट्ट्याला कुणी हातबी लावला न्हाय."

त्यांनी यंत्र बंद केलं. वही माझ्या हातात दिली. नारळ पिशवीत घातला, शाल खांद्यावर टाकली, आणि सांगोल्याची साडेपाचची एसटी चुकू नये म्हणून भराभर जिना उतरून गेले. डोक्यावरचा फेटा काढायचा राहून गेला होता. रस्त्यावरची माणसं वळून वळून बघत होती. मी खिडकीत उभी राहून, तो फेटा गर्दीत दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.